कॉन्टॅक्ट लेन्स दुकानात महाग पडतात आणि दुकानदार लेन्सचा नंबरही लिहून देत नाही. काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं : तीन वर्षं एकाच चष्म्याच्या दुकानातून मंथली, म्हणजे महिनाभर वापरून फेकायच्या, लेन्स घेताय, खोक्याची किंमत दर खेपेला थोडी चढते, ऑनलाइन स्वस्त दिसतात पण त्यातली आपली नेमकी कोणती ते कळत नाही. आणि नंबर मागितला की ‘आमच्याकडे रेकॉर्डला आहे, काळजी नको’ एवढंच उत्तर मिळतं. माझीही पहिली चार वर्षं अशीच गेली. रेकॉर्ड त्यांच्याकडे, डोळे माझे.

दुकानदाराशी बोलायला जाण्याआधी घरातलं एखादं रिकामं खोकं शोधा. कचऱ्यात गेलं असेल तर लेन्स ज्या इवल्याशा प्लास्टिकच्या कपात येते, त्याच्या चंदेरी झाकणावरही बहुतेक सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ‘बीसी’ म्हणजे बेस कर्व्ह, लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, मिलिमीटरमध्ये. बऱ्याच मऊ लेन्सचा हा आकडा ८.४ ते ८.८ च्या दरम्यान असतो. आकडा लहान तितकी वाटी खोल, म्हणजे लेन्स जास्त घट्ट. ‘डीआयए’ म्हणजे व्यास, १४ किंवा १४.२ असा काहीतरी. मग पॉवर. सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईसाठीचा नंबर, असेल तर त्याचा आकडा आणि त्याचा कोन, म्हणजे अ‍ॅक्सिस. आणि लेन्सचं नाव. हे मिळालं की तुमचा ‘रेकॉर्ड’ तुमच्या हातात आला, कुणाकडे मागायची गरज उरली नाही. फोटो काढून ठेवा, डाव्या-उजव्याचा वेगवेगळा.

चष्म्याच्या नंबरावरून लेन्स मात्र मागवू नका. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे मोठ्या नंबरात दोन्ही आकडे वेगळे येतात. चष्मा उणे ६ असेल तर लेन्स उणे ५.५० च्या आसपास. चष्मा अधिक ६ असेल तर उलटं, लेन्स अधिक ६.५० च्या जवळ. उणे ४ च्या आत फरक इतका कमी की जाणवत नाही. आणि चष्म्याच्या कागदावर बेस कर्व्ह नसतोच. म्हणून मागायचा तो लेन्सचा कागद, चष्म्याचा नव्हे. दुकानात नुसता ‘नंबर द्या’ म्हटलं तर चष्म्याचाच हातात ठेवतात आणि आपण खूश होऊन घरी येतो.

आता माझी कथा, कारण तिच्यातच पैशांचा हिशेब आहे.

माझ्या डाव्या डोळ्याला सिलिंडर आहे, त्यामुळे त्या बाजूला टोरिक, म्हणजे सिलिंडरवाली, लेन्स लागते. एकदा खोकी संपत आली म्हणून दुकानात गेले, तर नेहमीची लेन्स नव्हती. दुकानदाराने काउंटरवर दुसरी दोन खोकी ठेवली. ‘तीच लेन्स आहे मॅडम, फक्त कंपनी वेगळी. ही जास्त चालते हल्ली.’ किंमत थोडी जास्त होती. मी घेतली, कारण दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यात घालायला लेन्स नव्हती आणि अशा वेळी माणूस वाद घालत नाही.

पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही. उलट छान घट्ट बसलीय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डावा डोळा ओढल्यासारखा झाला आणि डावीकडचं दिसणं पापणी मिटली की क्षणभर पुसट व्हायचं. रात्री लेन्स काढल्यावर आरशात पाहिलं, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक बारीक गोल वळ उमटला होता, मोजे काढल्यावर पायावर दिसतो तसा. मग जुनं खोकं शोधून शेजारी ठेवलं. जुना बेस कर्व्ह ८.७, नवा ८.४. ‘तीच लेन्स’ म्हणे.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तो म्हणाला, सील उघडलेलं खोकं घेता येत नाही. उजव्या डोळ्याचं दुसरं खोकं अजून न उघडलेलं होतं, ते त्याने घेतलं. डाव्याचे पैसे गेले ते गेलेच. सील उघडलेला माल परत न घेणं मला मान्य आहे, डोळ्यात घालायची वस्तू आहे ती. पण न विचारता बदललेली लेन्स घालून बघितल्याशिवाय चूक कळणार कशी, हे मी त्याला विचारलं आणि त्यावर त्याने टेबल फॅनचा वेग वाढवला.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून एका ऑप्टोमेट्रिस्टकडे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारीकडे, गेले. तिने तपासणीचे पैसे वेगळे सांगितले आणि मला ते जड वाटले. पण तिने केलं काय ते सांगते. ट्रायलची लेन्स घातली आणि मला पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवलं, कारण डोळ्यात गेल्या गेल्या लेन्स कुठेही सरकते, तिला स्थिरावू द्यावं लागतं. मग हनुवटी टेकवायच्या त्या यंत्रावर, स्लिट लॅम्पवर, बोटाने माझी खालची पापणी हलकेच वर ढकलून पाहिली. लेन्स जरा वर सरकून पुन्हा जागेवर आली पाहिजे. चिकटून बसली तर घट्ट, फार भटकली तर सैल. टोरिक लेन्सवर एक बारीकशी खूण असते, ती किती अंश फिरली तेही तिने मोजलं. म्हणाली, तुमचं पुसट दिसणं हे त्या फिरण्यामुळे होतं. चार वर्षांत आधीच्या दुकानात हे एकदाही झालं नव्हतं. तिथे चष्म्याचा नंबर बघून खोकं काढून द्यायचे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानातल्या खोक्याच्या किमतीत दोन गोष्टी कालवलेल्या असतात : एक लेन्स, दुसरी ती बसवून देणाऱ्याचा वेळ. ऑनलाइनवाला डोळ्यात बघत नाही म्हणून त्याला स्वस्त देणं परवडतं. दुकानदार तपासत असेल, काही खुपलं तर फुकट बघत असेल, तर त्याचा जादा भाव मला रास्त वाटतो. तपासत नसेल तर न मिळालेल्या सेवेचे पैसे आपण दर महिन्याला भरतोय. तेव्हा ‘महाग की स्वस्त’ हे ठरवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा : गेल्या वर्षभरात लेन्स डोळ्यात असताना कुणी यंत्रावर बघितलं का? नसेल तर ही तपासणी आधी करून घ्या, पैसे वेगळे देऊन, आणि कागद लिहून घ्या. त्यानंतर खोकी कुठूनही घ्या.

कागदाचं म्हणाल तर हा झगडा जगभर झालाय. अमेरिकेत २००४ पासून कायदाच लागू आहे की फिटिंग, म्हणजे लेन्स डोळ्यावर नीट बसते का याची तपासणी, पूर्ण झालं की लेन्सचं प्रिस्क्रिप्शन न मागताही द्यायचं, आणि त्यासाठी वेगळे पैसे किंवा आमच्याकडूनच लेन्स घ्या अशी अट घालायची नाही. असा कायदा करावा लागला यातच सगळं आलं. तुमच्या इथला नियम काहीही असो, तपासणीचे पैसे ठरवतानाच ‘बेस कर्व्ह, व्यास आणि लेन्सच्या नावासकट लिहून मिळेल ना?’ असं विचारून घ्या. पैसे दिल्यावर विचारलं की उत्तरं लांबतात.

आता एक खाच, जी मला फार उशिरा कळली. काही मोठी दुकानं स्वतःच्या नावाची लेन्स विकतात. ती त्यांच्या कारखान्यात होत नाही. कूपरव्हिजनसारख्या कंपन्या दुकानांना त्यांचं लेबल लावून लेन्स पुरवतात. लेन्स वाईट नसते. पण ते नाव दुसरीकडे कुठे मिळत नाही, मग भाव पडताळणार कशाशी? तुम्हाला ऑनलाइन ‘आपली’ लेन्स सापडत नाही त्याचं कारण कदाचित हेच असेल. अशा वेळी खोक्यावर मटेरियलचं नाव बघा. कॉम्फिल्कॉन ए, पाणी ४८ टक्के, बेस कर्व्ह ८.६, व्यास १४ असं लिहिलेलं असेल तर ती कूपरव्हिजनच्याच बायोफिनिटी या लेन्सची बहीण असण्याची शक्यता दाट. सेनोफिल्कॉन ए आणि ३८ टक्के पाणी म्हणजे अक्युव्ह्यू ओएसिस, लोट्राफिल्कॉन बी आणि ३३ टक्के म्हणजे एअर ऑप्टिक्स. जुळतंय असं वाटलं तरी फिटिंग करणाऱ्याला एकदा दाखवा, माझ्या डाव्या डोळ्याची आठवण ठेवून. एकच लेन्स वेगळ्या नावांनी वेगळ्या भावाला विकल्याबद्दल १९९० च्या दशकात अमेरिकेत बॉश अँड लॉम्ब या लेन्सच्या कंपनीवर ग्राहकांनी खटला भरला होता, तेव्हा हा प्रकार काही नवा नाही. नव्याने फिटिंग करणार असाल तर सरळ सांगा, सगळीकडे मिळते अशीच लेन्स बसवा.

दुकानदाराची बाजूही थोडी घेते. सिलिंडरच्या लेन्स बहुतेक ०.७५, १.२५, १.७५ अशा टप्प्यांनी आणि अ‍ॅक्सिस दहा-दहा अंशांनी येतो. प्रत्येक पॉवरला हे सगळं गुणलं तर कुठलंच दुकान इतकी खोकी ठेवू शकत नाही. त्यामुळे टोरिक लेन्सला आठ-दहा दिवस लागले तर तो निष्काळजीपणा नव्हे. मी आता शेवटची जोडी उघडते त्याच दिवशी पुढची मागवते, हातात पूर्ण महिना असतो. संपल्यावर धावलं की समोर येईल ते घ्यावं लागतं, जसं मी घेतलं.

पैसे खरंच वाचवायचे असतील तर तुम्ही आठवड्यातून किती दिवस लेन्स घालता ते आधी मोजा. मंथली लेन्सचे तीस दिवस सील उघडल्यापासून धावतात, घातलेल्या दिवसांपासून नाही. डबीत पडून राहिली तरी तिचं वय वाढतंच. वर्षाला २४ लेन्स, शिवाय सोल्यूशनच्या बाटल्या आणि डब्या. रोज घालणाऱ्याला हे बहुधा परवडतं, कारण रोज फेकायच्या डेली लेन्स त्याला ७३० लागतील. पण आठवड्यातून दोनच दिवस घालत असाल तर डेली २०८ पुरतात आणि सोल्यूशनचा खर्च शून्य. दोन्ही बाजूंचे भाव मांडून वर्षाची बेरीज करा, एका खोक्याची तुलना करू नका. माझी बहीण फक्त समारंभांना लेन्स घालते आणि वर्षानुवर्षं मंथली घेत होती. निम्म्या लेन्स दोनदा घालून फेकल्या असतील तिने. तिच्या दुकानदाराने कधी ‘तुम्ही किती घालता?’ हे विचारलं नाही.

वर्षाचा साठा एकदम घेतला की सूट मिळते, पण नंबर दोन वर्षं हललेला नसेल तरच घ्या. आणि नंबर बदलला तर न उघडलेली खोकी बदलून मिळतील का, हे बिलावर लिहून घ्या. मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा नवीन दुकानवालीने पेन उचलून दोन ओळी लिहिल्या, त्यात कुणाला काही अवघड वाटलं नाही.

तीन ठिकाणी मात्र काटकसर नको. मंथली लेन्स पाच-सहा आठवडे ओढणं, कालच्या सोल्यूशनमध्ये नवं ओतून भागवणं, आणि सोल्यूशन संपलं म्हणून नळाच्या पाण्यात लेन्स ठेवणं. पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो बुबुळात शिरला तर महिनोन् महिने उपचार चालतात आणि नजरही जाऊ शकते. डबी तीन महिन्यांत बदला. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना झाला तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी दुकानदाराला फोन करून ‘थेंब कुठले घालू?’ विचारू नका.

तुमच्या दुकानदाराला सोडायचंच असं नाही. खोक्याचा फोटो घेऊन जा, ऑनलाइनचा भाव दाखवा आणि विचारा की जादा पैशांत तुम्ही काय देता. तो म्हणाला, ‘बसा, आत्ता तपासतो,’ तर मी तरी त्याच्याकडूनच घेईन. टेबल फॅनकडे बघू लागला, तर फोटो आहेच तुमच्याकडे.