पंधरा लाख ओळींचा जुना कोड सांभाळायला मिळालाय. आधी सगळा वाचू की शोधत शोधत काम करू? टूल कोणतं घेऊ?

तुमचा टीम लीड म्हणतो की आधी दोन महिने कोड वाच, मग हात लाव. ते वाचलं आणि आमच्या एका सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. शोधत शोधत काम चालतं का? चालतं काय, पळतं. टीम लीडला माझा नमस्कार सांगा.

मी नाशिकचा. बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. लिलाव, काटा, हमाली, तोलाई, हिशोबपट्टी, शेतकऱ्याचं पेमेंट, असा सगळा कारभार. कोड जुना, लिहिणारे निम्मे पुण्या-मुंबईला निघून गेलेले. व्हेरिएबलची नावं रोमनमधल्या मराठीत. तोलाईचं स्पेलिंग कुणी एका आयवर संपवलंय, कुणी दोन ई लावलेत, कुणी मध्ये वाय घुसवलाय. हमालीत कुणाला एक ए पुरतो, कुणाला दोन लागतात. इथे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे एकाच नमुन्यात सगळी स्पेलिंगं पकडणारा शोध, लिहिता येत नसेल तर पहिल्याच आठवड्यात माणूस रडतो.

उन्हाळ कांद्याची आवक जोरात होती. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याच्या दिवाणजींचा फोन आला, "अहो, पट्टी निघत नाहीये. 'शेतकऱ्याचा खाते क्रमांक अपूर्ण आहे' असं येतंय. खाली ट्रॅक्टरवाले उभे आहेत, लवकर बघा ना." फोनवर ऐकलेला मेसेज टाइप केला आणि अख्ख्या कोडवर शोध मारला. शून्य.

सर मागेच उभे होते. पुण्याच्या मोठ्या कंपनीतून आलेले, डायग्रामवर फार जीव. म्हणाले, "बघ, म्हणून सांगतो. कंट्रोल-एफ मारून कुणी प्रोग्रामर होत नाही. पेमेंटचं मॉड्यूल वरपासून खालपर्यंत वाचून काढ." आणि ट्रॅक्टरवाल्यांनी तोवर काय करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

शोधात काही सापडलं नाही की मी पहिला संशय शब्दावरच घेतो. 'शेतकऱ्याचा' काढून टाकला, नुसतं 'क्रमांक अपूर्ण' शोधलं. एकच ओळ आली, आणि मेसेज दिसायला अक्षरन् अक्षर तोच! भानगड त्या अर्ध्या र मध्ये होती. शेतकऱ्यातला हा र संगणकात दोन तऱ्हांनी बसतो. एक म्हणजे ऱ हे युनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी संगणकाची यादी) स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलंत. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत, आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. माझा कीबोर्ड पहिला देतो, ज्याने ती फाइल लिहिली त्याचा दुसरा देत होता. डोळ्यांना फरक कळत नाही, शोधणाऱ्या टूलला दोन्ही वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तरी हे दोघे एक होत नाहीत. मराठी मेसेज शोधताना म्हणून असा अर्धा र नसलेला तुकडा घ्या. आमच्या त्याहून जुन्या काही फाइलींत मजकूर शिवाजी फॉन्टमध्ये आहे. तिथे आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं, देवनागरी शोधून हाती काय लागणार?

पुढे मेसेजची की, म्हणजे कोडमध्ये त्या मेसेजला दिलेलं नाव, उचलली, ती कुठे वापरली ते शोधलं. परत शून्य. कुणा हुशाराने ती की 'पेमेंट' आणि त्रुटीचा नंबर जोडून चालू प्रोग्राममध्ये बनवली होती. अर्धी की शोधल्यावर जागा सापडली: खाते क्रमांक ठरावीक आकड्यांचाच हवा, अशी अट. आता प्रत्येक बँकेची लांबी वेगळी. त्या शेतकऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेतलं, आकडे कमी, म्हणून पट्टी अडली. अट काढण्याआधी ती घातली का होती, हे बघायला कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला, गिट लॉगचा कॅपिटल एसचा (-S) पर्याय वापरला. एखादी स्ट्रिंग ज्या ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) वाढली किंवा कमी झाली, तेवढेच कमिट तो दाखवतो. गिटचंच ब्लेम प्रत्येक ओळीला लागलेला फक्त शेवटचा हात दाखवतं, हा पहिल्या हातापर्यंत नेतो. (तो हात सरांचा नव्हता. असता तर हे उत्तर आणखी रंगलं असतं.) दिवाणजींची पट्टी त्याच दुपारी निघाली. सरांनी मात्र "नशीब" म्हणून विषय संपवला.

सर, नशीब कसलं? गूगलमधल्या डेव्हलपरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती मंडळी कामाच्या दिवशी सरासरी पाच वेळा कोड शोधायला बसतात आणि एकूण बारा क्वेऱ्या टाकतात, असं त्यात आहे. त्यांना काही कुणी कंट्रोल-एफवाले म्हणत नाही. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोडिंग स्टाइलमध्ये तर नियमच आहे: ओळ लांब झाली तरी चालेल, पण वापरणाऱ्याला दिसणारा मेसेज मध्ये तोडायचा नाही, कारण तोडला की ग्रेप या शोधायच्या कमांडने सापडत नाही. जो तुकडे जोडून नावं बनवतो त्याचा कोड रिव्ह्यूमध्येच परत पाठवावा, या मतावर मी ठाम आहे.

टूलचं म्हणाल तर रिपग्रेप हा ग्रेपसारखाच शोधणारा प्रोग्राम घ्या आणि कामाला लागा. फक्त गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या), लपवलेल्या आणि बायनरी फाइली तो आपणहून वगळतो. काही सापडलं नाही तर वजा यू तीनदा (-uuu) लावून पुन्हा चालवा. पंधरा लाख ओळींना इंडेक्स, म्हणजे आधीच करून ठेवलेली शब्दसूची, लागत नाही. अनेक रिपॉझिटरी (कोडची वेगवेगळी भांडारं) असतील तर ओपनग्रोक हे इंडेक्स करून शोधणारं टूल किंवा ट्रायग्रॅम इंडेक्सवालं काहीतरी बसवा. ट्रायग्रॅममध्ये मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे आधीच नोंदवलेले असतात, त्यामुळे शोध मोजक्याच फाइलींत करावा लागतो. फंक्शनला कोण बोलावतं हे बघायला आयडीईचं (कोड लिहायच्या एडिटरचं) 'फाइंड यूसेजेस' बरं.

थोडं सरांच्याही बाजूचं सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. शोधात शून्य आलं म्हणून फंक्शन उडवू नका. ते डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमधून (स्टोअर्ड प्रोसिजर), कॉन्फिग फाइलमधून किंवा जावाच्या रिफ्लेक्शनमधून, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये नावावरून, बोलावलेलं असू शकतं. आणि डेटाबेसची टेबलं मात्र खरंच आधी वाचून घ्या. त्याने शोधायला शब्द मिळतात.

सगळा कोड कधी वाचून होईल, हे मला विचारू नका. मी आमचा अजून वाचलेला नाही आणि पगार वेळेवर होतोय.