संगीतात बी.ए. झालंय, मुंबईत शिक्षक होता येईल का?
नक्की येईल. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत आहे) आणि वर नेट किंवा सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा; नेट देशपातळीवरची, सेट राज्याची). नेटमध्ये संगीत हा स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिकला संगीत शिक्षकाचं पद असतं, खासगी शाळाही घेतात.

पण माझं ऐका, जाहिरातींची वाट बघत बसू नका, घरी क्लास आत्ताच सुरू करा. मी दादरला दोन मुलांवर सुरुवात केली. एक पोरगी 'नी' कायम उतरा, म्हणजे जागेपेक्षा जरा खाली लावायची. पंधरा दिवस तंबोऱ्यावर तिला नुसता 'सा' धरायला लावला, मग 'नी' आपोआप जागेवर आला. शिकवणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवा. तुमचं स्वतःचं विशारद (मंडळाची वरची परीक्षा) राहिलं असेल तर तेही उरकून घ्या.