हाताचं ओझं टेबलाला घेऊ द्या

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे (यात स्नायू हळूहळू दुबळे होत जातात) व्हीलचेअरवर असतो. अक्षर अजून सुंदर आहे त्याचं, पण दहा मिनिटं लिहिलं की खांदे भरून येतात, आणि वहीच्या वरच्या ओळीपर्यंत हातच जात नाही. सगळे म्हणतात आता लॅपटॉपच घे. काय करू?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, लॅपटॉप घ्या पण नंतर, आधी सुताराला बोलवा. या आजारात खांदा आणि दंड आधी थकतात, बोटांची ताकद बराच काळ टिकते, म्हणून तर अक्षर अजून छान येतंय. अडतंय ते अख्खा हात पेलण्यात, ते वजन टेबलाने घेतलं की बोटं आपलं काम करतात.

प्लायवुडची फळी घ्या, पोटाशी अर्धगोल कापून घ्या म्हणजे तो आत सरकून बसेल आणि दोन्ही कोपरं फळीवर टेकतील. माप मुलाला त्याच्या खुर्चीत बसवूनच घ्यायचं, खांदे सैल सोडल्यावर कोपर जिथे येतं त्याच्या बोटभर वर फळी हवी, त्याहून उंच केली तर खांदे कानाशी जातात आणि परत तेच दुखणं. खाली गुडघे आणि खुर्चीचे हात अडत नाहीत ना तेही बघा. आणि कडा रंधा मारून गोल करून घ्याच, एका मुलाच्या हातावर दिवसभर धार रुतून उठलेला लालभडक वळ मी पाहिलाय, बिचारा कोणाला बोलला पण नव्हता.

उतरता बोर्ड घ्या असं कोणीतरी सांगेल, तुमच्या मुलाला नको, चढावर हात चढवायलाच तर त्याला त्रास होतो. फुलस्केपऐवजी छोटी वही द्या, वरची ओळ आपोआप जवळ येते, खाली ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची रबरी मॅट टाका म्हणजे वही पळत नाही. पेन जेलचं, दाबावं लागत नाही.

लॅपटॉप घ्याल तेव्हा सोबत ट्रॅकबॉल घ्या, त्यात माऊस फिरवावा लागत नाही, नुसता बॉल बोटाने फिरवायचा. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज चालू करायचं विचारतं, मग दोन बटणं एकत्र धरून ठेवायला लागत नाहीत. मराठी निबंध घरी बोलून टाइप करू दे, वर्गाच्या गोंगाटात ते जमत नाही.

दहावीचं आत्तापासून बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढून ठेवा. केंद्राच्या 2018 च्या सूचनांमध्ये 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना लेखनिक, आणि लेखनिक घेतला किंवा नाही घेतला तरी तासाला किमान 20 मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असं होतं. शाळेकडे अर्ज देताना हे टेबल परीक्षेच्या खोलीत न्यायची परवानगीही लेखीच मागा, आणि नववीच्या चाचण्या त्याच टेबलावर लिहू दे, कुठे काय खुपतं ते तेव्हाच कळेल.