वाचकांचे प्रश्न : रोमहून एका दिवसाची सहल

प्रश्न : रोममधील चार दिवसांपैकी एक दिवस आम्ही टेकडीवरच्या जुन्या गावासाठी ठेवला आहे. सोबतच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. सिएना आणि सान जिमिन्यानो एका दिवसात होतील का?

उत्तर : रोमहून ही दोन्ही गावे गाठायची तर दिवस वाहनांतच जाईल, सान जिमिन्यानोला तर रेल्वे स्थानकच नाही. त्या गावांसाठी मुक्काम फ्लॉरेन्सला हवा. त्याऐवजी कड्यावर वसलेल्या ओर्व्हिएतो या जुन्या गावाला जावे. रेल्वेने साधारण सव्वा तासात पायथ्याशी पोहोचता येते आणि स्थानकासमोरूनच दोरखंडाने ओढली जाणारी गाडी कड्यावर नेते, त्यामुळे सासूबाईंचा मोठा चढ टळेल. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकिटावर मात्र फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावा, अन्यथा दंड होतो.

कॅथेड्रलचे बांधकाम 1290 मध्ये सुरू झाले. आतील चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रे व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमधील मायकेलएंजेलोच्या ‘अंतिम निवाडा’ या चित्रापेक्षा तीन दशकांनी जुनी आहेत, शक्यतो तीच आधी पाहावीत, असे मला वाटते.

खरे नवल ओर्व्हिएतोच्या विहिरीचे. 1527 मध्ये रोम लुटले गेल्यावर येथे आश्रयाला आलेल्या पोप क्लेमेंट सातवे यांनी वेढ्याच्या भीतीने ती खोदवली. तिच्यात प्रत्येकी 248 पायऱ्यांचे दोन सर्पिल जिने एकमेकांना न भेटता फिरतात. खेचरे एकाने उतरत आणि पाणी घेऊन दुसऱ्याने वर येत. सासूबाईंनी मात्र वरच बसावे.