स्पायरल रॉडवर गाइड किती अंतरावर आणि किती अंशांवर बसवायचे?

तुमच्याकडे साडेपाच फुटी जिगिंग ब्लँक, म्हणजे मासेमारीच्या रॉडची नुसती काठी आहे, रॉडच्या वर बसणारं रील आहे आणि आठ गाइडांचा, म्हणजे लाइन ओवायच्या कड्यांचा संच आणून ठेवलाय. स्पायरल रॉडवर गाइड रीलजवळ वर (०) सुरू होऊन ब्लँकच्या कुशीने फिरत खाली (१८०) जातात; त्याचे अंश एका व्हिडिओत ०-६०-१२०-१८० सांगितलेत, दुसऱ्यात ०-९०-१८०. यातलं बरोबर कोणतं आणि वळण डावीकडून घ्यायचं की उजवीकडून, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही बरोबर आहेत. मी रत्नागिरीत राहतो, रॉड घरीच बांधतो, आणि माझा पहिला स्पायरल रॉड अशाच एका तक्त्यावरून बांधला होता. अंश कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजले. गाइडच्या पायांवर दोरा गुंडाळला, त्यावर इपॉक्सीचा थर दिला, चार लोकांना दाखवूनही झालं. मग तीसेक मीटर पाण्यात गरवायला गेलो. बऱ्यापैकी गोबरा मासा लागला, रॉड वाकला आणि हाताला एक खरखर जाणवली. रील वाजतंय असंच वाटलं. घरी येऊन टॉर्च मारला तर पहिल्या आणि दुसऱ्या गाइडच्या मध्ये ब्लँकच्या अंगावर नखाएवढी चकचकीत रेघ. ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, तिथे घासत होती. तक्ता चुकलेला नव्हता, पण तो कोणाच्या तरी दुसऱ्या ब्लँकचा, दुसऱ्या रीलचा होता. कच्च्या बांधणीत वजन टांगून बघायचं मी टाळलं, त्याची ही शिक्षा.

मुळात हे वळण कशासाठी, ते एकदा नीट कळलं की जागा आपोआप सुचतात. रील वर, गाइडही वर, अशा रॉडला मासा खाली ओढतो तेव्हा ताणलेल्या लाइनला वाकाच्या आतल्या बाजूला यायचं असतं. ती गाइडना खाली ओढते, गाइड ब्लँकला पिळतात, आणि तो पीळ तुम्ही मनगटाने धरून ठेवता. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालण्यासारखं आहे हे, सतत तोल सांभाळायचा. गाइड खालच्या अंगाला आले की तेच पाणी हातात लटकवलेल्या बादलीत येतं. शिवाय लाइन वाकाच्या आतच असल्यामुळे पुढच्या भागात ती ब्लँकला टेकूच शकत नाही, म्हणून गाइड कमी लागतात. तुमच्या आठातले दोन उरतील. ठेवा जपून.

आता बांधणी. टिप, म्हणजे टोकाची कडी, अजून चिकटवू नका. गाइड तात्पुरते धरायला पुढच्या बारीक भागात मी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन-तीन मिलीमीटरचे तुकडे कापून ओवतो, प्रत्येक पायाला एक. मागच्या जाड भागात ती ट्यूब चढत नाही, तिथे मास्किंग टेप. टेप फार घट्ट नको, गाइड अंगठ्याने सरकला पाहिजे.

स्पाइनवरून फार डोकं शिणवू नका. ब्लँक एका दिशेने जरा जास्त कडक असतो हे खरं, पण रॉड पिळतो की नाही हे गाइड कुठल्या बाजूला आहेत त्यावर ठरतं, स्पाइनवर नाही. मी ब्लँक डोळ्यासमोर धरून फिरवतो, जरासा बाक दिसला तर तो वर-खाली दिशेत घेतो, म्हणजे बाजूने बघताना रॉड सरळ दिसतो. इतकंच.

पहिला गाइड, म्हणजे रीलजवळचा, ० अंशावर, रीलच्या बरोबर समोर. काहीजण तो वळणाच्या दिशेने थोडा कलता बसवतात. अशा जिगिंग रीलला लाइन सारखी पसरवणारा फिरता दांडा सहसा नसतो, ते काम आपला अंगठा करतो. गाइड कलता असला की लाइन त्या बाजूला ढीग करायला बघते, म्हणून मी सरळच ठेवतो. अंतर रीलच्या मधून ४५ ते ५० सेंटीमीटर. फार जवळ आणला तर स्पूलच्या (रीलमधल्या लाइनच्या रिळाच्या) कडेवरून येणारी लाइन तिरकी घासते, फार लांब नेला तर रॉड वाकल्यावर ती पुढच्या मुठीला लागते.

मग पुढचे सगळे, टिपसकट, बरोबर खाली, १८० अंशांवर. माझ्या साडेपाच फुटी रॉडवर टिपपासून १०, २१, ३३.५ आणि ४७.५ सेंटीमीटरवर असे चार आहेत. पहिला गाइड टिपपासून ८५ वर. म्हणजे वळणाला मध्ये ३७.५ सेंटीमीटर मिळतात. हे आकडे सुरुवात करायला घ्या, तुमचा ब्लँक जास्त टोकाकडून वाकत असेल तर पुढचे गाइड अजून जवळ येतील.

राहिला वळणाचा गाइड. खरी मेख इथे आहे. तो बसवायच्या आधी लाइन रीलमधून काढून पहिल्या गाइडमधून थेट १८० अंशांवरच्या सगळ्यात मागच्या, म्हणजे ४७.५ वरच्या गाइडमध्ये ओवा. मधलं काही नाही. हलकी ताणून धरा. लाइनला सरळ जायचंय, पण ब्लँक आडवा येतो, म्हणून ती त्याच्या कुशीला चिकटून जाते. जिथे सगळ्यात जास्त दाबून बसलीय तिथे पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. वळणाचा गाइड त्या जागेवर. बहुतेक वेळा ती जागा दोघांच्या बरोबर मध्यावर निघते, माझी टिपपासून ६६ वर आली. या गाइडचं काम लाइनला वळवण्याचं नाही, तिला ब्लँकपासून तीन-चार मिलीमीटर बाजूला धरून ठेवण्याचं आहे. त्यामुळे त्याला मोठी रिंग लागत नाही, पुढच्या गाइडांच्याच मापाची चालते, फक्त दोन पायांची घ्या. आता तो ब्लँकभोवती हळूहळू फिरवा. रिंगमध्ये लाइन कुठल्याच कडेला जोरात दाबत नाही अशी एक जागा येते. तिथे थांबा. नंतर मोजलंत तर ९०च्या आसपास असेल, एखाद्याचं ८०, एखाद्याचं १००.

मोजायचंच असेल तर कोनमापक नको, कागदाची पट्टी घ्या. ब्लँकभोवती एक वेढा मारून टोकं जुळतील तिथे कापा. ११ मिलीमीटर जाडीच्या जागी पट्टी साधारण साडेचौतीस मिलीमीटर भरते. अर्ध्यात दुमडली की १८० अंश, अजून एकदा दुमडली की ९०. ब्लँक निमुळता असतो, म्हणून प्रत्येक जागेला नवी पट्टी.

म्हणजे ०-९०-१८० वाल्याने वळणाला एक गाइड वापरला, ०-६०-१२०-१८० वाल्याने दोन. सात फुटी जड रॉडला मीही दोन लावतो. साडेपाच फुटीला एक पुरतो. एवढ्या वळणाने लाइन अडते, ताकद जाते असं ऐकाल, तर हिशोब करून बघा: पहिल्या रिंगच्या मध्यापासून खालच्या रिंगच्या मध्यापर्यंत लाइन एकूण साडेतीन सेंटीमीटर उतरते, तीही साडेसदतीस सेंटीमीटर लांबीत. जेमतेम पाच अंशांचा तिरकेपणा.

डावी की उजवी, याने रॉडच्या कामात काहीच फरक पडत नाही. मी हँडल ज्या बाजूला त्याच बाजूने वळवतो. होडीत रॉड आडवा टाकताना आपण हँडल वर ठेवूनच टाकतो, मग आडवा आलेला गाइड फळीवर आपटत नाही.

आता तो भाग, जो मी पहिल्या वेळी गाळला होता. रॉडची मूठ खिडकीच्या गजात किंवा टेबलाला नीट अडकवा, आडव्यापेक्षा थोडा वर कल द्या. पंचेचाळीस अंशांच्या वर नको, टिप तिथेच मोडते. लाइन सगळ्या गाइडांतून ओवून रीलचा ड्रॅग, म्हणजे लाइन सुटू न देणारा ब्रेक, आवळा आणि टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा. एकेक लिटर पाणी ओता. लिटरमागे किलो, वेगळं वजन शोधायला नको. तीन-चार किलोला रॉड खऱ्या माशासारखा वाकतो. मग खाली बसून मागून पुढे बघत जा. पहिल्या आणि वळणाच्या गाइडमध्ये, वळणाच्या आणि पुढच्या गाइडमध्ये लाइन ब्लँकला टेकतेय का? पोस्टकार्ड मध्ये सरकवून बघा, अडकलं तर टेकतेय. वाकल्यावर घासण्याची जागा थोडी पुढे सरकते, त्यामुळे वळणाचा गाइड एक-दोन सेंटीमीटर पुढे घ्यावा लागेल. खालच्या गाइडांत लाइन प्रत्येक ठिकाणी साधारण सारखीच वाकली पाहिजे. एखाद्याच ठिकाणी कोपरा दिसला तर शेजारचा गाइड त्याच्या जवळ आणा. शेवटी मूठ सोडवून रॉड सैल हातात धरा. तो हातात गरकन फिरायला बघत असेल तर १८० वाल्यांपैकी कोणीतरी बाजूला गेलाय. यात एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

खुणा करून दोरा गुंडाळायला घ्या. त्याआधी गाइडच्या पायांची टोकं कानशीने निमुळती करा, नाहीतर ती ब्लँकमध्ये रुततात. दोरा झाल्यावर, इपॉक्सीच्या आधी, गाइड केसभर हलवता येतात. स्पायरल रॉडवर सगळे गाइड एका रेषेत बघायचा प्रयत्न करू नका, वेड लागेल. टिपकडून फक्त खालचे पाच जुळवा, पहिला रीलशी जुळवा, आणि वळणाच्याला लाइन ओवूनच बघा.

इपॉक्सीबद्दल एकच. जून-जुलैत बोटी बंद, हातात वेळच वेळ, म्हणून आपण सगळे रॉड तेव्हाच काढतो, आणि कोकणातल्या त्या दमट हवेत इपॉक्सीवर दुधट साय धरते. माझे दोन रॉड असे धुरकट आहेत. आता दोरा पावसात गुंडाळून ठेवतो. इपॉक्सीचा हात मात्र चार दिवस ऊन पडेल तेव्हाच, नाहीतर एसीच्या खोलीत. फिरवायला जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर पुरते, मिनिटाला पाच-सहा फेरे घेते. वळणाच्या गाइडपाशी ओघळ खालच्या बाजूला जमतो. पहिला अर्धा तास तिथून हलू नका.

कॅन टांगल्यावर बाजूने एक फोटो काढा आणि इथेच टाका. लाइन कुठे टेकतेय ते त्यावरून लगेच सांगता येईल.