ठाण्यात रात्री आकाशात आगीचा गोळा दिसला, तर लष्कर त्याचा तपास करतं का? आपण कुणाला कळवायचं?

"लष्कर सगळं लपवतं" हे सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं की माझं डोकंच फिरतं. अहो, लपवायला आधी हातात काहीतरी लागतं! अमेरिकेत असा तपास झाला होता. १९४८ च्या अखेरीस तिथल्या न्यू मेक्सिको राज्यावर हिरवे गोळे दिसू लागले. जवळच अणुसंशोधन केंद्र, त्यामुळे अमेरिकी सैन्याची झोप उडाली. उल्कातज्ज्ञ लिंकन लापाझ यांनी साक्षीदारांकडून दिशा घेऊन मार्ग काढले, पण तुकडा एकही सापडला नाही. मग हवाई दलाने कॅमेरे लावून 'प्रोजेक्ट ट्विंकल' चालवला आणि १९५१ मध्ये गुंडाळला. ठोस माप मिळालंच नाही.

माप म्हणजे दोन लांबच्या ठिकाणांहून दिशा आणि क्षितिजापासूनची उंची, अंशांमध्ये. ठाणे आणि वाशी चालत नाहीत. मधलं अंतर जेमतेम १५ किमी, गोळा १५० किमीवर असेल तर दोन्हीकडच्या दिशेत फरक फार तर ६ अंशांचा. तेवढी चूक आपल्या अंदाजातच होते. नाशिक किंवा पुण्याचा साक्षीदार शोधा.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभे राहा. गोळा कुठल्या इमारतीच्या कोपऱ्यावरून गेला ते आठवा आणि फोनच्या होकायंत्राने दिशा घ्या, पण गाडी आणि लोखंडी कठड्यापासून लांब, नाहीतर सुई भलतीकडे जाते. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, त्यावरून उंची मोजा. सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी मूळ फाइल घ्या आणि त्याचं घड्याळ किती मागे-पुढे आहे ते लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच.

दोन-चार सेकंदांत संपला तर बहुधा उल्का. अर्धा-एक मिनिट सावकाश, तुकडे होत सरकला तर रॉकेटचा भाग. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रभर दिसलेला तसाच होता. चंद्रपूरच्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडली आणि ती तपासायला इस्रोचे लोक आले. स्फोटाचा आवाज मागाहून आला तर मधले सेकंद नोंदवा, ३ सेकंदांना साधारण १ किमी.

कळवायचं तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन फॉर्मवर. जमिनीवर काही पडलेलं दिसलं तर हात न लावता ११२. आणि हो, नवी मुंबईवरून मुंबई विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाचा दिवा समोरून मिनिटभर एका जागी स्थिर दिसतो, आधी तो वगळा.