दीड महिन्याच्या बाळाचा आवाज घोगरा का येत असेल? सासूबाई म्हणतात, रडून घसा बसलाय

बसतोही. रडून, सर्दीने, दूध सारखं घशाशी आल्याने आवाज बसतो. जन्मल्यावर श्वासनळीत नळी घातली असेल किंवा हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर स्वरतंतूलाही इजा झालेली असू शकते. पण मी लिहायला बसले ते सासूबाईंच्या त्या वाक्यामुळे.

माझ्या भाचीचं रडणं पहिल्यापासून जाड, घोगरं. आणि मुळात ती रडायचीच कमी. दूध पिता पिता झोपायची, शी दिवसेंदिवस नाही, बेंबी फुगलेली, तीन आठवडे उलटले तरी कावीळ उतरेना. बहिणीच्या सासरी कौतुक चाललेलं, "किती गुणी पोर, अजिबात त्रास नाही!" घशासाठी तिच्या आतेसासूबाई वेखंड उगाळून मधातून चाटवायला निघाल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नये, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो, हे सांगितलं तर मीच आगाऊ ठरले.

तेल लावायला माझी आई बसायची. तिच्या हाताला ते अंग गार लागायचं, कातडी खरखरीत, जीभ सदा ओठांबाहेर. आई हटूनच बसली, रक्त तपासा. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, प्रचंड वाढलेलं निघालं. थायरॉइड जन्मतःच पुरेसं काम करत नव्हतं. भारतात साधारण हजारात एका बाळाला हे असतं, आणि गोळी पहिल्या 2 आठवड्यांत सुरू झाली तर मेंदूचं नुकसान बहुतेक टळतं. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे या तपासणीसाठी टाचेतून रक्ताचे चार थेंब घ्यायचं कुणाला सुचलं नाही, याचा राग मला अजून आहे.

तुमच्या बाळाची ही तपासणी झाली होती का? डिस्चार्जचा कागद काढून बघा. नसेल तर उद्याच करून घ्या, दीड महिना उलटलाय. अर्थात बहुतेक बाळांत कारण साधंच निघतं. मात्र श्वास घेताना घर्र आवाज येत असेल, छातीला खड्डे पडत असतील, दूध ओढवत नसेल, तर आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा.

भाचीची गोळी रोज चुरडून चमचाभर आईच्या दुधात देतात. "एवढ्याशा जिवाला रोज औषध कशाला" हे आतेसासूबाईंचं अजून चालूच आहे. तीन वर्षांची झाली की डॉक्टर गोळी थांबवून बघणार आहेत. तोवर एक दिवसही चुकवायची नाही, हे मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलंय.